मुंग्या नेमक्या कोणाच्या?

आमच्या आणि शेजारच्या काकूंच्या स्वयंपाकघरांमध्ये एकच भिंत आहे. कागदोपत्री ती दोघांचीही असली, तरी तिला ओल आली की ती त्यांची असते आणि खिळा ठोकायचा झाला की ती आमची असते. गेली अकरा वर्षे ही व्यवस्था सुरळीत चालली होती. मागच्या महिन्यात मात्र मिक्सरच्या प्लगशेजारच्या फटीतून मुंग्यांची एक रांग निघाली, साखरेच्या डब्याला अर्धा वळसा घालून खोबऱ्याच्या वड्यांपर्यंत पोहोचली आणि या मुंग्या नेमक्या कोणाच्या, असा प्रश्न उभा राहिला.

माझे म्हणणे सरळ होते : मुंग्या भिंतीतून येतात, म्हणजे पलीकडून येतात. काकूंनी त्यांचे म्हणणे आमच्या दारात उभे राहून अतिशय गोड आवाजात मांडले. "अहो, तुमच्याकडे गोडाचं जरा जास्तच असतं ना, म्हणून येतात हो. आमच्याकडे ह्यांना डायबेटिस झाल्यापासून गोडाचा कण नाही घरात." मुंग्यांचे पालकत्व आमच्या माथी मारता मारता माझ्या सुटलेल्या पोटाकडेही निर्देश करून जाण्याची ही कला अकरा वर्षांच्या शेजाराखेरीज साधत नाही.

रविवारी सकाळी चहाचा कप घेऊन मी त्या रांगेसमोर स्टूल टाकून बसलो. मुंग्या अगदी बारीक, पिवळसर रंगाच्या होत्या. समोरासमोर आलेल्या दोघी क्षणभर थांबत, एकमेकींना मिशा लावून पाहत आणि आपापल्या वाटेने जात. त्या मिशांनी मुंगी समोरचीच्या अंगाचा वास घेते आणि ती आपल्या घरची की परकी, हे त्यावरून ठरवते. आमच्या जिन्यातही भाजीच्या पिशव्या सावरत हेच चालते, फक्त आम्हाला त्यासाठी वीस मिनिटे लागतात. मी बोट ओले करून रांगेच्या वाटेवर आडवे फिरवले, तेव्हा वासाची वाट पुसली गेली आणि रस्ता खणलेला पाहून दुचाकीस्वार थबकावेत, तशा त्या दोन्ही काठांना थबकल्या. तीनचार मिनिटांनी एकीने धीर केला, आणि तिच्यामागून बाकीच्या जणू काही घडलेच नाही, अशा निघाल्या.

रांगेत राबणारी प्रत्येक मुंगी मादी असते. नराला बहुतेक जातींत पंख असतात, मीलनाचे एक उड्डाण असते आणि त्यानंतर फारसे आयुष्य नसते. मराठीने 'ती मुंगी' म्हणून हे शास्त्र आधीच ओळखले असे वाटून मला अभिमानाचे भरते येणार, तोच मुंगळा आठवला. धष्टपुष्ट दिसला म्हणून ज्याला आपण बेधडक पुल्लिंगी करून टाकले, तो अंगणातला काळा मुंगळाही बहुधा कामकरी बाईच असतो. पुरुषांना न केलेल्या कामाचे श्रेय देण्याची आपली सवय व्याकरणापर्यंत पोहोचली आहे.

वासावर मुंग्यांचा विश्वास मात्र आंधळा असतो. मेलेल्या मुंगीच्या अंगात काही दिवसांनी ओलेइक आम्ल तयार होते, आणि त्या वासावरून इतर मुंग्या तिला उचलून कचऱ्याच्या ढिगावर नेऊन टाकतात. मुंग्यांचे अभ्यासक एडवर्ड विल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत हे आम्ल जिवंत मुंग्यांना लावून पाहिले, तेव्हा हातपाय झाडणाऱ्या त्या बिचाऱ्यांनाही त्यांच्या भगिनींनी ढिगावर नेऊन टाकले, आणि अंग पुरते स्वच्छ करेपर्यंत त्यांची सुटका झाली नाही. आमच्या इमारतीतील एका गृहस्थांचे नाव पूर्वी एकदा थकबाकीदारांच्या यादीत फळ्यावर लागले होते. त्यांनी दुसऱ्याच दिवशी पैसे भरले, पण आजही ते पाण्याच्या टाकीविषयी बोलायला उभे राहिले की सभेत कोणीतरी हळूच खाकरते. मुंगीला निदान अंग चाटून मोकळे होता येते.

हे सगळे ठाऊक असूनही मी शेवटी फवारा मारलाच. पंधरा दिवसांत एकीच्या तीन रांगा झाल्या. या जातीच्या मुंग्यांमध्ये राण्या अनेक असतात, आणि घरावर संकट आले की कामकरी मुंग्या अंडी, अळ्या आणि जमल्यास एखादी राणी सोबत घेऊन निरनिराळ्या दिशांना नवे बिऱ्हाड थाटतात. थोडक्यात, नांदत्या एकत्र कुटुंबाच्या मी स्वखर्चाने वाटण्या करून दिल्या होत्या. एक रांग न्हाणीघराकडे गेली, दुसरी देवघराकडे, आणि तिसरी भिंतीपलीकडे.

काकू त्याच संध्याकाळी आल्या. "तुमच्या मुंग्या आमच्याकडे आल्यात," असे त्या म्हणाल्या. बोलण्याच्या ओघात मात्र त्यांच्या तोंडून निघून गेले की महिन्याभरापूर्वी त्यांनीही ओट्याखाली असाच फवारा मारला होता. मी काहीच बोललो नाही. त्याही क्षणभर थांबल्या आणि मग आमच्याकडून नेलेल्या वाटीचा विषय काढला. वाटी रिकामी परत करायची नाही, म्हणून गेली अकरा वर्षे ती एकच वाटी कधी लोणचे तर कधी शिरा घेऊन दोन घरांत फिरते आहे. मुंगीला स्वतःच्या जठराआधी आणखी एक पिशवी असते आणि तिच्यातले पातळ अन्न ती तोंडाला तोंड लावून घरच्यांना देते. आमची ही पिशवी स्टीलची आहे, एवढाच फरक.

पलीकडे गेलेल्या रांगेचा शेवट कुठे आहे, हे काकूंनी दुसऱ्या दिवशी शोधून काढले. ती रांग स्वयंपाकघरात थांबलीच नव्हती. बैठकीच्या खोलीतून ती काकांच्या कपाटात शिरली होती, आणि तिथे स्वेटरांच्या मागे आंबा बर्फीचा अर्ध्या किलोचा पुडा होता. त्या घरातले संभाषण भिंतीतून मला स्पष्ट ऐकू आले. भिंत दोघांची असल्यामुळे त्यात माझा दोष नाही.

रात्री साडेनऊला दारावर अगदी हलकी टकटक झाली. काका उभे होते. त्यांच्या शालीखाली एक छोटा डबा होता. "हा जरा तुमच्याकडे राहू द्या," ते कुजबुजले, "आणि परातीत पाणी घालून त्यात ठेवा बरं का, तुमच्याकडे मुंग्या फार आहेत."