तुम्ही विचारलंत म्हणून: खिडकीतलं रबराचं झाड

घरी येणारं कुणीही बाहेरच्या खोलीतल्या खिडकीपाशी थांबतं आणि विचारतं, "हा वड का? कुंडीत कसा वाढवलात?"

वड नाही, त्याचा भाऊबंद आहे. फायकस इलॅस्टिका. नर्सरीत 'रबर प्लँट' म्हटलं की हाच देतात. केरळच्या मळ्यांत ज्याचा चीक काढतात ते रबर वेगळं, मूळचं ॲमेझॉनच्या खोऱ्यातलं. त्याचं पान बेलासारखं तीन दळांचं. याचं पान एकेकटं, जाड, तुकतुकीत. वडाच्या पानावरच्या शिरा सहज मोजता येतात, याच्या इतक्या बारीक आणि दाट की मोजता मोजता डोळा चुकतो. आणि शेंड्याकडे बघा. नवं पान लालसर, टोकदार म्यानात घट्ट गुंडाळलेलं असतं. पान उलगडलं की म्यान सुकून गळतं, खोडावर बारीक वळं उरतं. ती गळलेली म्यानं मला केराबरोबर टाकवत नाहीत, कुंडीतच ठेवते.

मेघालयात खासी लोक याच झाडाची मुळं ओढ्यापलीकडे वळवून जिवंत पूल घडवतात. नोंग्रियाटचा पूल तर दुमजली आहे. जंगलात हे ३० मीटरच्याही वर जातं. ते लक्षात ठेवलं की कुंडीत त्याला काय हवं ते कळतं.

पहिल्या वर्षी मी रोज पाणी घालत होते. खालची पानं पिवळी पडून गळायला लागली. कुंडी उलटी केली तर मुळं काळी, मऊ, कुबट वासाची. सडकी मुळं छाटून नव्या मातीत लावलं, तेव्हा जगलं. आता बोट दोन पेरं मातीत खुपसून बघते, कोरडं लागलं तरच पाणी. पावसाळ्यात आठ-आठ दिवस लागत नाही. उजेड भरपूर हवा, माझी खिडकी पूर्वेची आहे. पानं ओल्या फडक्याने पुसायची. चकाकीसाठी खोबरेल मात्र लावू नका, धूळ चिकटून बसते.

छाटायला जीव घाबरतो, पण छाटा. नाहीतर एकच सोट छताला टेकतो. पांढरा चीक येतो, त्याने अंगाला खाज सुटू शकते, म्हणून हातमोजे घाला. मांजराला पानं चावू देऊ नका.

शेंडा वाया घालवू नये म्हणून मी पावसाच्या सुरुवातीला गुटी बांधते: बोटभर रुंदीची साल गोल काढायची, ओलं शेवाळ लावून प्लास्टिक घट्ट गुंडाळायचं. महिना-दीड महिन्यात मुळं फुटतात. रोप मागणाऱ्याला मी आधी विचारते, कुठे लावणार? भिंतीलगत जमिनीत म्हणाले तर देत नाही; मुळं पाया आणि पाइप दोन्ही शोधत जातात.

यंदाच्या गुटीत प्लास्टिकमधून पांढरी मुळं दिसायला लागली आहेत. तुमच्याकडे उजेडाची खिडकी असेल तर कुंडी तयार ठेवा.