जुनी वस्त्रं आणि टाचेचा फोड

वारीत दिवेघाट चढलो, जेजुरीत भंडारा अंगावर घेतला, नीरेला पादुकांचं स्नान गर्दीतून टाचा उंचावून पाहिलं. पुढचे मुक्काम डोक्यात एकमेकांत मिसळलेत. बरड सोडल्यानंतरची दुपार तेवढी स्वच्छ आठवते.

डांबर तापलेलं, डाव्या टाचेला टम्म फोड आणि शेजारी दिंडीतले एक गुरुजी. माझे वडील गेल्याचं त्यांना कळलं होतं. जुनी वस्त्रं टाकावीत तसा आत्मा देह टाकतो, हे त्यांनी सुरू केलं. दहाव्यापासून ऐकतोय. शेवटी चिडून म्हणालो, "गुरुजी, देह नुसतं वस्त्र असेल तर खुनाचं पाप कसलं? फार तर कपडे फाडल्याचा दंड करा." गुरुजींनी टाळ उचलले.

ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्युरस म्हणतो, आपण आहोत तोवर मरण नाही आणि मरण आलं की आपण नाही, मग भ्यायचं कशाला? बिनतोड आहे, पण स्वतःच्या मरणापुरतंच. वडिलांच्या मरणाला ते नव्हते, मी होतो.

पाऊल टाकवेना म्हणून लिंबाखाली बसलो. डोईवरची तुळस उतरवून एक मावशी समोर आल्या. "पाय द्या, माउली." वयानं आईएवढ्या, मी पाय मागे घेतला. त्यांनी तो ओढला, आधी त्यावर डोकं टेकलं, मग पिशवीतून सुई काढली. काडी ओढून ती तापवली, दोरा ओवला, फोडातून आरपार नेला आणि दोन्हीकडे बोटभर ठेवून तोडला. पाणी दोऱ्यावरून झिरपायला लागलं.

"कातडं वढू नगा. आपसूक सुकंल."

मालक गेल्यापासून त्यांची वारी त्याच चालवत होत्या. मी जरा खवचटपणेच विचारलं, "मावशी, याचं पुण्य पुढच्या जन्मी मिळेल का हो?"

"मिळंल, न्हाई तर न्हाई. दुसरा पाय बघू."

आपण रोज मागतो तरी काय? मुक्ती नको, खुशाल पुन्हा गर्भवासात घाल. मोक्षावरच पाणी सोडलं तर चांगलं वागण्याचा मोबदला उरतो कुठे? कर्तव्य फळासाठी करू नये, असं जर्मन तत्त्वज्ञ कांटनेही बजावलं. पण अखेर आत्म्याचं अमरत्व त्याला गृहीत धरावंच लागलं. मावशींचं त्यावाचून काही अडलं नव्हतं. माझं मात्र त्याच संध्याकाळी टँकरपाशी अडलं. एकाने माझी बादली सरकवून आपली लावली. त्याला माउली म्हणायला जीभ वळेना.

वाखरीचं रिंगण झालं, पंढरपूर आलं.

चोखोबा 1338 मध्ये मंगळवेढ्याला गावकुसाचं काम करताना दरड कोसळून गेले. ढिगाऱ्यातल्या ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आलं ती नामदेवांनी आणली, अशी कथा आहे. टाकलेल्या वस्त्रासाठी एवढी शोधाशोध कुणी करत नाही. पण ती हाडंही महाद्वाराबाहेरच. जिवंतपणी ज्यांनी आत येऊ दिलं नाही, त्यांना आत्मा अमर असल्याचं पाठ असणारच.

चोखोबांच्या समाधीवर डोकं टेकलं. मागून "चला माउली, पुढं चला" सुरूच होतं. कळसाला हात जोडले आणि मठाकडे वळलो. दर्शनबारीत उभं राहण्याइतके पाय उरलेच नव्हते.