त्या पोराचं 'का?'

रविवार, रात्री साडेअकरा

बुद्धिबळाच्या स्पर्धेत हरल्याचं काही नाही ओ. हरतोच मी, चौथ्या राऊंडनंतर तर ठरलेलंच असतं. पण पोरगं उठताना जे विचारून गेलं ते काय डोक्यातनं जाईना.

दहा वर्षांचं असेल, खुर्चीवर गुडघे टेकून बसलेलं, बोटांना भडंगाचा मसाला, घड्याळाचं बटणसुद्धा पिवळं करून ठेवलेलं. मी पांढरी घेऊन आपलं नेहमीचं बी थ्री, म्हणजे वजिराकडच्या घोड्यापुढचं प्यादं एक घर पुढं. मधली जागा समोरच्याला देऊन टाकायची आणि बी टूच्या उंटानं लांबनं नेम धरून बसायचं, वीस वर्षं हेच. पाचव्या चालीला एफ फोर टाकलं. इथं भलेभले हावरटासारखं ते प्यादं मारतात, मग माझा उंट जी सेव्हनचं प्यादं खाऊन कोपऱ्यातल्या हत्तीवर जातो. यानं मारलंच नाही. वजीर एच फोरला आणून शह दिला, मला जी थ्री करायला लावलं आणि वजीर गुपचूप ई सेव्हनला परत. आला, राजाजवळच्या प्याद्यांच्या भिंतीला भोक पाडलं, गेला. त्याच भोकातनं मेलो, 31 व्या चालीला.

हात मिळवताना म्हणतंय, "काका, तुम्ही नेहमी हेच खेळता?" म्हटलं हो. "का?"

म्हटलं, आवडतं म्हणून.

थाप होती. त्याला कळली का कुणास ठाऊक, त्याचं लक्ष आईच्या डब्याकडं होतं.

राजापुढचं प्यादं दोन घरं, ई फोर, असं सगळ्यांसारखं खेळलं की समोरच्याच्या पंधरा-वीस चाली पाठ असतात, मला पाठांतर कधी जमलं नाही, म्हणून हे कडेकडेनं. तेव्हा नोकरी नवी, मग घर, मग अण्णांचं ते सगळं, वेळ कुठला, असं मलाच सांगत आयर्विन पुलाच्या अलीकडं गाडी लावून उभा राहिलो. वेळ होता की. भीती होती. भीती पण नसेल, आळस असेल. बुद्धिबळासाठी आयुष्य वेचलेल्या भाऊसाहेब पडसलगीकरांच्या सांगलीत राहून एवढंच केलं का आपण, असं वाटून डोळ्यात पाणी आलं, खोटं कशाला सांगू. तेवढ्यात मागनं कोणतरी ओरडलं, "ओ, गाडी काढा की!"

घरी येऊन लार्सनचा डाव लावला, हे बी थ्री गाजवणारा डेन्मार्कचा ग्रँडमास्टर. 1970, बेलग्रेड, सोव्हिएत संघ विरुद्ध बाकीचं जग, जगाच्या संघात फिशरच्याही वरचा पहिला पट, हातात पांढरी, बी थ्री, आणि तेव्हाचा जगज्जेता स्पास्कीनं 17 चालीत गुंडाळला. म्हणजे मी तसा बराच टिकलो. पोरगं स्पास्की नव्हतं ही गोष्ट वेगळी.

ताईचा फोन दोनदा येऊन गेलाय. वाटणीचंच असणार. उद्या करतो. नाहीतर परवा.