ध्रुव कातरून प्रचंड होत नाही

मागच्या वेळी फुशारकी मारली होती, आषाढीपर्यंत प्रचंड या लढाऊ हेलिकॉप्टरचं मॉडेल स्टँडवर चढवतो म्हणून. श्रावण लागला आणि टेबलावर अजून त्याचं उघडं पोट, म्हणजे मधलं अंगच पडलंय. एवढंच की आता ते बरोबर पोट आहे.

झालं असं. १/४८ मापाचा, प्लॅस्टिकच्या शीटमधून स्वतः केलेला ध्रुव, म्हणजे माणसं-सामान वाहणाऱ्या हेलिकॉप्टरचं मॉडेल, माझ्याकडं पडून होतं. म्हटलं, प्रचंड म्हणजे ध्रुवचंच पिल्लू. पुढून कातरायचं, वैमानिकांच्या दोन खुर्च्या शेजारी होत्या त्या मागंपुढं लावायच्या, की झालं! तीन रविवार घातले. नाक निमुळतं केलं की कमरेत फुगवटा, कमर घोटली की इंजिनं उघडी. शेवटी फोटो मांडून बसलो तेव्हा डोक्यात उजेड पडला: ही दोन्ही हेलिकॉप्टरं बनवणाऱ्या एचएएल कंपनीनं तरी कुठं ध्रुवचं अंग कातरलंय? उचललं ते वरचं. शक्ती इंजिनांची जोडी, गिअरबॉक्स, बिजागऱ्यांविना चार पाती धरणारा रोटर, म्हणजे वरचा पंखा. खालचं अंग नवीन, अरुंद, तिरक्या सपाट बाजूंचं. कारगिलच्या १९९९ च्या लढाईनं उंचीवर लढणाऱ्या हेलिकॉप्टरची उणीव दाखवली, आणि विरळ हवेत ओढ लागते ती याच वरच्या भागाची. कातरकाम टाळायचं असेल त्यानं सरळ रुद्र करावा. तो खरोखर ध्रुवच, नाकाखाली तोफ आणि कुशीला शस्त्रं टांगलेला.

मग ध्रुवचा रोटर अलगद काढला, बाकी भंगारात. खऱ्याचा व्यास १३.२ मीटर, म्हणजे आपल्याकडं साडेसत्तावीस सेंटीमीटर. उद्यमनगरातल्या लेथवाल्या मित्रानं रोटरचा पितळेचा दांडा पुन्हा फिरवून दिला. पैसे घेतले नाहीत, "पंखा कधी लावतोस?" एवढं विचारून घेतलं.

सगळ्यात मजा आली तोफेत. २० मिलिमीटरची तोफ ४८ नं भागली की नळीचं भोक ०.४ च्या आसपास येतं, आणि २२ नंबरच्या इंजेक्शनच्या सुईचं आतलं भोक जवळपास तेवढंच! पण सुईचं तिरकं टोक कानशीनं घासलं की भोक बुजायचं. चार सुया वाया गेल्या. गुजरीतल्या, म्हणजे सराफबाजारातल्या एका कारागिरानं बघितलं, हसला, आतून बारीक तार घातली आणि मग घासलं. तार ओढली, तोंड गोल. दागिन्यांच्या पोकळ नळ्या ते असेच घासतात म्हणे. नाद खुळा!

रॉकेटचे पॉड, म्हणजे रॉकेटं भरायचे नळकांडे, मात्र सोपे: ७० मिलिमीटरचं रॉकेट म्हणजे दीड मिलिमीटरचं ड्रिल. चाकं अजून नाहीत. ध्रुवच्या स्किड (चाकांऐवजी असलेल्या खालच्या दांड्या) काढल्या, पण प्रचंडला मागं एक आणि पुढं दोन चाकं लागतात, ती शर्टाच्या बटणांतून करून बघतोय.

प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा पहिला हात, मारायला अजून हात लावलेला नाही. बाहेर झड लागलीय, भिंतीला ओल आलीय, आणि अशा हवेत लॅकर पांढरं पडतं हे ध्रुवच्या शेपटीवर शिकून झालंय. खोलीत शंभरचा बल्ब लावून पोट त्याखाली ठेवलंय. बायको विचारते, अंडी उबवतोस काय? उघडीप मिळाली की पुढची नोंद. तोवर कुणाकडं प्रचंडच्या शेपटीचा उजव्या अंगाचा स्वच्छ फोटो असेल तर टाका, भावांनो.