आधी फोटो उलटा करा

अमेरिकेचं एक्स-१५ हे रॉकेट-विमान उडवलेल्या बाराजणांपैकी सातवा माझ्या सही केलेल्या फोटोंच्या फाइलीत दाखल झाला: बिल डाना. बी-५२ बॉम्बरच्या पंखाखालून सुटणाऱ्या या विमानाची एकूण १९९ उड्डाणं झाली. जून १९५९ मधलं पहिलं स्कॉट क्रॉसफिल्डचं आणि २४ ऑक्टोबर १९६८ चं शेवटचं डानाचं. क्रॉसफिल्ड आधीपासून होताच, म्हणजे मालिकेची दोन्ही टोकं आता हातात आहेत. मधले व्हाइट, रशवर्थ, थॉम्पसन, नाइट आणि एंगल आहेत. पीटरसन आणि मॅके आज ना उद्या मिळतील. नील आर्मस्ट्राँगचं खिशाकडे बघून ठरेल. उरले वॉकर आणि ॲडम्स, आणि खरी डोकेदुखी तिथेच आहे.

डानाच्या फोटोवर सहीखाली ‘ॲस्ट्रोनॉट’ असं त्याने स्वतः लिहिलंय. हा एक शब्द मला सहीइतकाच मोलाचा वाटला. ५० मैलांच्या (साधारण ८० किमी) वर जाणाऱ्या लष्करी वैमानिकांना अमेरिकेचं हवाई दल अंतराळवीराचे पंख देत असे. पण वॉकर, मॅके आणि डाना हे नासाचे नागरी वैमानिक. तितकीच उंची गाठूनही त्यांचा हा मान राहून गेला, तो थेट २००५ साली मिळाला. तोवर वॉकर आणि मॅके हयात नव्हते. म्हणजे डानाने हा शब्द लिहिलाय तो बहुधा २००५ नंतर. फोटोचा कागद नवा, पाठ प्लास्टिकसारखी गुळगुळीत, सही मार्करने केलेली. सगळं त्या काळाशी जुळतं. एखाद्या फोटोवर वॉकरच्या सहीखाली हाच शब्द दिसला, तर मी भिंग बाहेर काढण्याआधी भुवया उंचावेन.

नवीन मंडळी सहीच्या वळणापासून सुरुवात करतात. ‘जे’ची शेपटी कशी, ‘के’चा फाटा कुठून निघतो वगैरे. माझं मत उलटं आहे आणि दिवसेंदिवस पक्कं होत चाललंय. वळण सगळ्यात शेवटी बघावं, कारण नक्कल करणारा नेमकी त्याचीच तालीम करून बसलेला असतो. कागद, पेन, हुद्दा आणि तारखा यांच्याकडे त्याचं दुर्लक्ष होतं. म्हणून आधी फोटो उलटा करायचा.

परवाचंच बघा. परदेशातल्या एका विक्रेत्याकडून वॉकरचा फोटो चालून आला. २२ ऑगस्ट १९६३ च्या उड्डाणाचा संदर्भ, म्हणजे १०७.९६ किमी उंचीचं ते गाजलेलं उड्डाण. सही झकास, ओघवती. सोबत होलोग्राम चिकटवलेलं प्रमाणपत्र. मी पाठीचा फोटो मागवला. दोनदा टाळाटाळ झाली आणि मग आला. पाठ पांढरीफेक, प्लास्टिकचा थर असलेली. जुना फोटोचा कागद जाड पुठ्ठ्यासारखा लागतो, कडा वळतात, पाठीवर पाण्याचा थेंब टाकला तर जिरतो. प्लास्टिकचा थर दिलेला कागद सर्रास वापरात आला तो साठीच्या दशकाच्या शेवटापासून पुढे. आणि वॉकर ८ जून १९६६ ला गेला. त्याचं एफ-१०४ हे लढाऊ विमान एक्सबी-७० या अजस्र बॉम्बरला हवेत धडकलं होतं. माणूस गेल्यानंतर छापलेल्या फोटोवर त्याची सही कितीही सुंदर असली तरी काय कामाची? प्रमाणपत्राबद्दल तर बोलायलाच नको. ते कोणीही छापू शकतं, होलोग्रामचे स्टिकर गठ्ठ्याने मिळतात.

ॲडम्सचं प्रकरण वेगळं आहे. ऑक्टोबर १९६६ मध्ये त्याचं एक्स-१५ मधलं पहिलं उड्डाण झालं आणि १५ नोव्हेंबर १९६७ च्या सातव्या उड्डाणात तो गेला. एक्स-१५ च्या फोटोवर त्याला सही करायला मिळालं ते जेमतेम वर्षभर. तेव्हा त्याला ओळखत होतं कोण? त्यामुळे त्याच्या सहीचा फोटो समोर आला की मी आधी तो कुठून आला ते विचारतो: पाकीट, पत्र, पोस्टाचा शिक्का. यातलं काहीच नसेल तर पुढे बघतही नाही.

आता ऑटोपेन. सांगलीच्या एका मित्राकडे वडिलांनी नासाला पत्र पाठवून मागवलेला आर्मस्ट्राँगचा फोटो आहे. पांढरा अंतराळ-पोशाख, मागे चंद्र, आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा. पाकीटही जपलंय, शिक्का खरा. पण नासाकडे तेव्हा चाहत्यांच्या पत्रांचे ढीग येत आणि त्यांतल्या बऱ्याच फोटोंवर सही करायचं यंत्र. मूळ सहीचा साचा घालायचा आणि यंत्राचा हात पेन फिरवतो. भिंगाखाली बघितलं की रेघेची जाडी सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखी दिसते. माणूस वळणावर दाब कमी-जास्त करतो, यंत्र करत नाही. रेघ सुरू होते आणि संपते तिथे शाईचा ठिपका साचलेला असतो, कारण पेन आधी टेकतं आणि मग हलतं. पण निर्णायक कसोटी एकच: त्या साच्याच्या ज्ञात नमुन्यावर सही पारदर्शक करून ठेवायची. मोबाइलवरच्या फोटो एडिटरमध्ये दोन मिनिटांत होतं. कोणताही माणूस दोन सह्या तंतोतंत सारख्या करत नाही. मित्राच्या फोटोवरची सही नमुन्यावर केसाइतकाही फरक न दाखवता बसली.

तो हिरमुसला, पण मी त्याला फोटो काढून टाकू दिला नाही. पत्र, पाकीट आणि ऑटोपेन मिळून तो काळाचा एक पुरावा आहे, फक्त ‘आर्मस्ट्राँगची सही’ या नावाने विकायचा नाही, इतकंच. खऱ्या सहीचे भाव चढण्याचं कारणही तेच. विक्रीचा बाजार बघून आर्मस्ट्राँगने नव्वदच्या दशकात मागेल त्याला सही देणं बंद केलं. त्यातही कोणाचं नाव न घालता नुसती सही असलेला फोटो सर्वांत महाग. म्हणून नकली मालही त्याच प्रकारात जास्त.

मुंबईशी जोडलेली एक गोष्टही वरचेवर ऐकू येते: ‘आजोबांना चंद्रवीरांनी मुंबईत सही दिली.’ याला मी लगेच हसत नाही. अपोलो ११ चे तिघेही ऑक्टोबर १९६९ मध्ये जागतिक दौऱ्यात मुंबईला आले होते, ते खरंच आहे. पण गोष्ट खरी असली म्हणून सही खरी ठरत नाही. माझ्यासमोर असे जे फोटो आले, त्यांत दहापट भिंगाखाली सहीची रेघ ठिपक्यांची निघाली, म्हणजे फोटोबरोबरच छापलेली. हाताने केलेली शाई कागदाच्या चकाकीवर वेगळी बसते. फोटो तिरपा करून खिडकीच्या उजेडात धरला की ती चमकते किंवा मंद दिसते, बाकीच्या प्रतिमेत मिसळत नाही. आणखी एक: हेल्मेटच्या काचेत सगळं प्रतिबिंब दिसणारा तो प्रसिद्ध फोटो आर्मस्ट्राँगच्या चंद्रावरच्या सोबत्याचा, ऑल्ड्रिनचा आहे. कॅमेरा बहुतेक वेळ आर्मस्ट्राँगकडे होता, म्हणून चंद्रावरचे आर्मस्ट्राँगचे स्वतःचे फोटो अगदी मोजके. ऑल्ड्रिनच्या फोटोवर आर्मस्ट्राँगची सही असू शकते, पण विक्रेता तो ‘आर्मस्ट्राँगचा फोटो’ म्हणून विकत असेल, तर त्याचं बाकीचं ज्ञानही तितकंच धरा.

पहिला अंतराळवीर गागारिन, त्याच्यावर फार वेळ घालवत नाही. १९६१ च्या शेवटी तो भारतात, मुंबईतही येऊन गेला, म्हणून इथे त्याच्या सह्या असायला हव्यात असं सगळ्यांनाच वाटतं. शार्पी मार्कर बाजारात आला १९६४ मध्ये. १९६१ ची तारीख घातलेली जाड, काळी मार्करची सही दिसली की पुढे चालू लागायचं.

आता घरचा माल. पुण्याच्या जुन्या बाजारात राकेश शर्मांचा फोटो मिळाला, सोयुझ टी-११ या सोव्हिएत यानातल्या तिघांचा. युरी मालिशेव्ह, गेन्नादी स्त्रेकालोव्ह आणि मधे आपले शर्मा. तिघांच्याही सह्या. आणि तो लॅमिनेट केलेला! आपल्याकडे मार्कशीटपासून देवाच्या फोटोपर्यंत सगळं लॅमिनेट करायची खोड आहे, आणि सहीच्या बाबतीत ती जीवघेणी. उष्णतेने शाई पसरते, चिकटा कायमचा बसतो, भिंगाला रेघेची उंची कळत नाही. तरी मी घेतला, कारण तारखा जुळतात. मालिशेव्ह नोव्हेंबर १९९९ मध्ये गेले, स्त्रेकालोव्ह डिसेंबर २००४ मध्ये. तिघांच्या सह्या एका फोटोवर असतील तर त्या ९९ च्या आधीच्या हव्यात. या फोटोवर शर्मांनी नावाआधी ‘स्क्वॉड्रन लीडर’ लिहिलंय. ३ एप्रिल १९८४ ला ते अवकाशात गेले तेव्हा हाच हुद्दा होता. निवृत्त झाले ते विंग कमांडर म्हणून. नंतरच्या सह्यांमध्ये जुना हुद्दा आला तर मी थबकतो. हुद्दा हा आपल्याकडच्या सह्यांचा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत विश्वासू साक्षीदार आहे, आणि नक्कल करणारे त्यावर हमखास घसरतात.

नाशिककरांसाठी एक आठवण: अंतराळातून परतल्यावर शर्मा एचएएलच्या (हिंदुस्तान एरोनॉटिक्स) ओझर कारखान्यात मुख्य चाचणी वैमानिक होते. ‘अंतराळवीर’ म्हणून केलेल्या त्यांच्या सह्या देशभर मिळतात, पण ओझरच्या दिवसांतली, मिगशेजारी उभं राहून काढलेल्या फोटोवरची सही मिळाली तर तिच्या बदल्यात माझ्याकडची कुठलीही अपोलोची वस्तू द्यायला तयार आहे. त्यांचे बदली अंतराळवीर रवीश मल्होत्रा यांच्याही सह्या शोधा. ते स्वतः चाचणी वैमानिक, प्रशिक्षण तेवढंच खडतर, आणि संग्राहकांचं लक्ष मात्र जवळपास शून्य.

सर्वांत अवघड काम म्हणजे एचएफ-२४ मरुत. जर्मन अभियंता कुर्ट टांक यांच्या आराखड्याचं हे भारतीय लढाऊ विमान जून १९६१ मध्ये बंगळुरूला पहिल्यांदा उडवलं सुरंजन दास यांनी. १० जानेवारी १९७० ला मरुतच्याच एका प्रायोगिक आवृत्तीच्या अपघातात ते गेले. त्यांची म्हणून एक सही माझ्याकडे आलीय. कागद जुना, पाठीवर स्टुडिओचा जांभळा शिक्का, शाईपेनची शाई, कागदात व्यवस्थित मुरलेली. अतिनील टॉर्चने मात्र इथे काही सिद्ध होत नाही. कागद जास्त पांढरा दिसावा म्हणून घातलेली, टॉर्चखाली निळी चमकणारी रसायनं पन्नाशीच्या दशकाच्या मध्यापासून वापरात आहेत, त्यामुळे १९४७ चा म्हणून दिलेला, ध्वनीचा वेग पहिल्यांदा ओलांडणाऱ्या येगरचा फोटो टॉर्चखाली निळा पेटला तर तो पकडला जातो, पण १९६१ च्या मरुतला ही कसोटी लागू नाही. अडचण तुलनेची आहे. अपोलोवाल्यांच्या सह्यांचे शेकडो नमुने चाळता येतात, दासांच्या तारीखवार नमुन्यांचा संच कोणी केलेलाच नाही. म्हणून मी आता फोटोऐवजी सह्या असलेली साधी कागदपत्रं जमवतोय: रजेचे अर्ज, निमंत्रणाला दिलेली उत्तरं, कार्यालयीन टिपणं. ती विकायला कोणी बनावट करत नाही, हाच त्यांचा गुण. फोटो तोवर ‘संभाव्य’च्या पाकिटात.

साठवणुकीचं थोडक्यात. पावसाळ्यात फोटोच्या थरावर बुरशी धरते आणि सही घेऊन जाते. मी पॉलिएस्टरच्या पिशव्या, आम्लरहित पुठ्ठा आणि हवाबंद डब्यात सिलिका जेल वापरतो. जेलचा रंग बदलला की तापवून परत. भिंतीवर लावायची ती प्रत, मूळ कधीच नाही. उजेडात मार्करची काळी शाई तपकिरी होत जाते, आणि एकदा गेली की गेली.

शुभांशू शुक्लांच्या सहीला सध्या मोठी मागणी आहे. जून २०२५ मध्ये ते अंतराळात गेले आणि जुलैत परत आले, तेवढ्यात ‘सही केलेले’ फोटो विकायला लागलेसुद्धा. बहुतेक इंकजेटचे छापे. भिंगाखाली सहीतही तेच रंगीत तुषार दिसतात. मी घाई करत नाही. माणूस तरुण आहे, पुढे गगनयान आहे, सह्या अजून खूप होतील.

सध्याचा शोध आहे कपिल भार्गव यांचा. ७ मार्च १९६४ ला इजिप्तमध्ये हेलवानला विली मेसरश्मिट यांच्या आराखड्याचं एचए-३०० हे लढाऊ विमान पहिल्यांदा उडवणारे हे भारतीय वैमानिक. जर्मन आराखडा, इजिप्तचं विमान, आपला वैमानिक. अशा फोटोवर सही असेल तर ती इंग्रजीत की आणखी कुठल्या लिपीत, याचीच मला फार उत्सुकता आहे. बंगळुरूच्या एका निवृत्त अभियंत्यांना पत्र टाकलंय, सोबत परतीचं तिकीट लावलेलं पाकीटही. उत्तर आलं तर पुढच्या नोंदीत पाठीचा फोटो आधी टाकेन, पुढचा नंतर.