लाभणं आणि बसणं

हिरा सगळ्यांना लाभत नाही, असं आपल्याकडे छातीठोकपणे सांगतात. अंगठीखाली पुरळ आलं, नाही लाभला. कुडी हरवली, नाही लाभली. यातल्या बऱ्याच जणांवर शुक्राचा कोप वगैरे नसतो. दागिना मापाचा नसतो, एवढंच. घट्ट अंगठीखाली साबणाचं पाणी साचून राहतं, तिथली कातडी पांढुरकी पडते, मग खाजते. चार दिवस अंगठी काढून ठेवली की बरं वाटतं, आणि संशयाला आयता पुरावा मिळतो.

बोटाचं माप मुळात दोन मापांचं असतं: सांध्याचं आणि बुडाचं. अंगठी सांध्यावर जराशी अडखळावी, आणि बुडाशी पोचल्यावर गरगर फिरू नये. ढिल्या अंगठीतला मोठा खडा आपल्याच वजनाने तळहाताकडे कलंडतो. दोरा गुंडाळून माप पाठवणं सोयीचं खरं, पण दोरा ताणला जातो, आणि घेरात एक मिलिमीटर चुकलं की आपल्याकडच्या मापात अख्खा एक नंबर चुकला. १२ नंबरची अंगठी आतून साधारण ५२ मिलिमीटर घेराची, १३ची ५३. तेव्हा सराफाकडच्या कड्यांच्या जुडग्यातूनच माप द्यावं, तेही संध्याकाळी. दिवसभराच्या कामाने आणि उकाड्याने बोटं फुगलेली असतात. जानेवारीतल्या सकाळचं माप मे महिन्यात रडवतं. पट्टा ६-७ मिलिमीटर रुंद असेल तर अर्धा-एक नंबर वर जावं. आणि वळ्याभोवती सगळीकडे खडे असलेली अंगठी घेताना दोनदा विचार करावा. साध्या वळ्याला मागून काप देऊन सोन्याचा तुकडा जोडता येतो. हिच्यात कापायला मोकळं सोनंच नसतं.

बांगड्यांचा हिशेब आणखी गमतीचा. ‘दोन-सहा’ म्हणजे २.६ इंच नव्हे! दोन इंच, आणि वर इंचाचे सोळा भाग करून त्यातले सहा. रुपयाचे सोळा आणे असावेत तसे. म्हणजे आतला व्यास ६०.३ मिलिमीटर. पट्टीवर २.६ इंच मोजून ऑनलाइन ‘दोन-सहा’ मागवणाऱ्याच्या हाती जवळजवळ ६ मिलिमीटर लहान बांगडी पडते. घरी मोजायचं तर अंगठा करंगळीकडे दुमडून हाताच्या सगळ्यात रुंद भागाभोवती टेप धरावी, आणि येईल त्याला ३.१४ने भागावं. टेपवर १९ सेंटीमीटर आले तर दोन-सहा, १८ आले तर दोन-चार. कासार हात चोळून, दाबून काचेची बांगडी एक माप कमीचीही चढवतो. सोन्याच्या पाटल्यांना ते लावू नये. काच शेवटी फोडता तरी येते.

हिऱ्याबद्दल मात्र माणसांनी मापाबाहेरच्या गोष्टी रचल्या. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत उत्तम हिरा पाण्यावर तरतो. प्रत्यक्षात तो पाण्याच्या साडेतीनपट जड, सरळ तळ गाठतो. ऐरणीवर ठेवून घण घातला तरी खरा हिरा फुटत नाही, हा तर सगळ्यांचा लाडका दाखला. प्राचीन रोमन लेखक प्लिनीनेही तेच लिहिलं, वर बोकडाच्या ताज्या रक्ताने तो मऊ पडतो अशी पुस्ती जोडली. पण ओरखडा न येणं वेगळं आणि न फुटणं वेगळं. हिऱ्याला चार दिशांनी चिरफळी जाते, आणि घणाखाली खरा हिराही भुगा होतो. या परीक्षेत किती अस्सल हिरे नापास होऊन केरात गेले असतील!

त्र्यंबकेश्वरच्या देवस्थानातला नाशिकचा हिरा पेशव्यांकडे होता. १८१८ साली तो दुसऱ्या बाजीरावाकडून इंग्रजांच्या हाती पडला, तेव्हा वजन ९० कॅरेटच्या घरात होतं. आपल्याकडच्या कारागिरांनी वजन राखलं होतं. लंडनला चमक हवी होती, म्हणून तो पुन्हा पैलू पाडायला दिला. १९४० साली न्यूयॉर्कमध्ये परत कापला, आणि उरला ४३.३८ कॅरेट. अंगठी बोटाच्या मापाची करतात, हा हिरा दर नव्या मालकाच्या आवडीच्या मापाचा होत निम्म्यावर आला.

वजन की चमक, हा प्रश्न आज दुकानातही पडतो. नीट कापलेला एक कॅरेटचा, म्हणजे ०.२ ग्रॅमचा, गोल हिरा समोरून साधारण ६.५ मिलिमीटर दिसतो. त्याच वजनाचा ६ मिलिमीटरचा दाखवला तर समजावं, उरलेलं वजन पोटात आहे. पैसे त्याचेही द्यायचे, दिसणार मात्र नाही. उलट ०.९५ कॅरेटचा नजरेला एकासारखाच दिसतो आणि ‘एक’ या आकड्याची किंमत वाचते. खडा दुकानातल्या झगझगीत दिव्याखाली ठरवू नये. त्या उजेडात काचही चमकते. दारापाशी नेऊन पाहावा.

घरी आल्यावर हिऱ्याची खरी शत्रू म्हणजे कणीक. हिऱ्याला स्निग्धता चटकन चिकटते; पीठ आणि तेल मागच्या बाजूला बसलं की आठवड्यात तो मंद दिसायला लागतो. मग ‘उतरला’ म्हणायचं. कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब, जुना मऊ ब्रश, आणि घासायचं ते खालून. धुऊन झाल्यावर अंगठी कानाशी धरून हलवावी. बारीक टिकटिक आली तर खडा धरून ठेवणारी एखादी नखी सैल झाली आहे. सोनाराकडे जाईपर्यंत अंगठी डब्यात. आणि हे सगळं बेसिनवर करणार असाल, तर जाळीवर फडकं आधी टाका.