निकेल केशरी का झालं?

नाशिकच्या आमच्या कॉलेजात एम.एस्सी.चे प्रोजेक्ट सुरू झाले की पिरिडीन या उग्र द्रावकाचा वास येतोच. वाफा बाहेर खेचणारं फ्यूम हूड कितीही घुरघुरू दे, तो साडीला चिकटून घरी येतो. पिकोलिनिक आम्ल आणि ऑर्थो-फेनिलिनडायअमीन पिरिडीनमध्ये घ्यायचं, ट्रायफेनिल फॉस्फाइट घालून तापवायचं, की दोन अमाइड गटांचा (कार्बोनिल आणि त्याला जोडलेला एन-एच) पांढरा लिगँड, म्हणजे धातूला धरणारा रेणू, मिळतो. तिथवर सगळं सुरळीत होतं.

त्या दिवशी माझ्या विद्यार्थिनीने त्यात निकेल ॲसिटेटचं हिरवं द्रावण ओतून रिफ्लक्स लावला, म्हणजे वाफ थंड करून परत आत पाडत उकळत ठेवलं, आणि थोड्याच वेळात धावत आली. "मॅडम, बॅच गेली. सगळं केशरी झालंय." ती निफाडकडची, घरी द्राक्षबाग. बोर्डो मिश्रण या बुरशीनाशकासाठी मोरचूद (तांब्याचं निळं सल्फेट) भिजवताना बघत वाढलेली. तांबं निळं, निकेल हिरवं, हा तिचा पक्का हिशोब. संशय गंजक्या स्पॅच्युल्यावर. लोखंड शिरलं असणार.

संशय मला आवडला, कारण तो तपासता येत होता. पूड गाळली, धुतली, वाळवली आणि गुई बॅलन्स या चुंबकीय तराजूवर नेली.

यात नमुन्याची नळी चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये टांगलेली असते. विजोड, म्हणजे जोडीदार नसलेले, इलेक्ट्रॉन असतील तर चुंबक तिला आत ओढतो आणि वजन वाढल्यासारखं दिसतं. हिरव्या, अष्टफलकी (सहा बाजूंनी धरलेल्या) निकेलमध्ये असे दोन असतात, चुंबकीय आघूर्ण, म्हणजे अणूच्या चुंबकपणाचं माप, ३ बोर मॅग्नेटॉनच्या आसपास. गंजातलं लोखंड असलं तरी नळी आतच ओढली जाते. रिकामी काचही किंचित हलकी भरते, ते आधी वजा करायचं. हे विसरणारे दरवर्षी भेटतात.

चुंबकाला करंट दिला. आकडा खाली गेला. तिने तराजू शून्यावर आणून पुन्हा दिला. पुन्हा खाली, काचेच्या वाट्याहून जास्त. विजोड इलेक्ट्रॉन एकही नाही!

मग फळ्याजवळ गेलो. ॲसिटेटने अमाइडच्या नायट्रोजनवरचा हायड्रोजन काढून नेला की तो नायट्रोजन ऋणभारित होतो आणि धातूला घट्ट धरतो. असे दोन, शिवाय लिगँडमधल्याच पिरिडीन कड्यांचे दोन. चौघांनी निकेलला एका प्रतलात धरलं आणि आठही डी-इलेक्ट्रॉनांच्या जोड्या लागल्या. हिरवा रंग गेला तो यामुळे. प्रथिनांच्या बाययुरेट चाचणीतला जांभळा रंगही अशाच पकडीचा, फक्त तिथे धातू तांबं असतं आणि हायड्रोजन अल्कली काढते.

संध्याकाळी आयआर मिळाला, म्हणजे कोणते बंध आहेत ते सांगणारा अवरक्त वर्णपट. ३३०० जवळचा एन-एचचा पट्टा गायब, कार्बोनिलचा १६७० च्या आसपासचा पट्टा १६३० कडे सरकलेला. निकेलला ऑक्सिजनने धरलं असतं तर कार्बोनिल सरकला असता, पण एन-एच जागेवर राहिला असता.

तिला आता याच लिगँडने धरलेलं तांब्याचं कॉम्प्लेक्स करायची घाई. "बॅलन्सवर वजन काय होईल?" मी विचारलं.

"वाढणार, मॅडम. नऊ इलेक्ट्रॉन, एक विजोड राहणारच. १.७३ च्या थोडं वर."